अनुभव धागा: डोंगरपट्ट्यातली मोटरसायकल सफर आणि पुढे असलेला माणूस

नाशिकहून निघून दोन-चार मुक्काम करत डोंगरपट्टा हिंडवून आणणाऱ्या मोटरसायकल सफरी आता बऱ्याच निघू लागल्यात. दिंडोरी-वणी-कळवण करून सुरगाणा, पेठ, हरसूल, त्र्यंबक असा एक फेरा. सटाणा-ताहाराबादवरून मुल्हेर आणि साल्हेर असा दुसरा. घोटीवरून बारी, भंडारदरा, घाटघर असा तिसरा. तो बराचसा नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये जातो. पुढे एक माहीतगार, शेवटी एक, जमल्यास मागून सामानाची पिकअप. अशी सफर केलेल्यांनी, घडवणाऱ्यांनी आणि या गटांना घरी उतरवून घेणाऱ्यांनीही इथे लिहावं. रस्ता कसा होता, डोंगर किती सुंदर होते हे थोडक्यात चालेल. तुमच्या पुढे कोण होतं, त्याने कुठे थांबवलं, काय सांगितलं, काय करू दिलं नाही, ते सविस्तर लिहा.

माझं म्हणणं आधी मांडतो. या भागात पुढचा माणूस तिथल्याच एखाद्या पाड्यावर वाढलेला असला पाहिजे. शहरातून आलेला, नकाशा पाठ असलेला, गाडी उत्तम चालवणारा माणूस तुम्हाला सुखरूप फिरवून आणेल. पण तुम्ही ज्या गावांतून गेलात तिथे त्या दिवसांत काय चाललं होतं, हे तो सांगू शकणार नाही.

आमची सफर जानेवारीतली. पहिल्या सकाळी दिंडोरीच्या पुढे चहाला थांबलो, तेव्हा रस्त्यालगतच्या द्राक्षबागेत डिपिंग चालू होतं. बरीच बायामाणसं, प्रत्येकाच्या हातात औषधाचं भांडं. घड त्यात बुडवायचा, काढायचा, पुढे सरकायचं. आमचा वाटाड्या बांधावरून आत गेला, दोघा-तिघांशी बोलला आणि परत आला. बोली कोकणा समाजाची, आम्हाला अर्धीमुर्धीच कळली. दुसऱ्या दिवशी सुरगाण्याहून बाऱ्ह्याकडे जाताना त्याने एका पाड्यावर नेलं. निम्म्या घरांना कड्या घातलेल्या. कोंबड्या शेजारच्या म्हातारीच्या हवाली. आमच्यातल्या एकाने विचारलं, गाव उठलंय का? वाटाड्या म्हणाला, "काल बागेत भेटले ना, ते इथलेच." भात-नागली घरात आली की पुढचा पाऊस पडेपर्यंत इथे हाताला काम नसतं, म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे जातात, द्राक्षाची काढणी उरकली की परततात. तो सोबत नसता तर "एक ओसाड पाडा पाहिला" एवढंच आम्ही घरी येऊन सांगितलं असतं.

त्याच घराच्या ओट्यावर बसून त्याने पाण्याची गोष्ट सांगितली. ओट्यावरच्या धुळीत बोटाने डोंगराची एक रेघ ओढली आणि तिच्या दोन्ही अंगांना नद्या पाडून दाखवल्या. नार, पार, दमणगंगा पश्चिमेच्या बाजूला, गुजरातकडे. केमच्या डोंगरातून निघणारी गिरणा मात्र पूर्वेला, चणकापूर धरणातून कळवणवरून मालेगावकडे, मग खानदेशात आणि शेवटी तापीला. गोदावरी तिकडे खाली ब्रह्मगिरीवरून. इतक्या नद्यांचा माथा असलेला हा मुलूख, पाऊस कोसळतो तो विचारू नका, पण उतार तीव्र आणि खाली काळा पाषाण. पाणी थांबत नाही, मुरत नाही. मार्चपासून विहिरी तळाला जातात आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. ते ऐकल्यावर आमच्यातल्या कुणीही त्या गावात तोंड धुवायला दुसरा तांब्या मागितला नाही.

आणखी एकच लिहितो. पुढच्या वाटेवर शिवेवरच्या झाडाखाली त्याने गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, हात जोडले. शेंदूर लावलेला उभा दगड. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा त्यावर कोरलेला वाघ दिसला. शेपूट पाठीवर वळवलेलं, वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. वाघदेव. वाघबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी इथे नैवेद्य दाखवतात, वर्षभर गुरांना सांभाळ म्हणून. दिवाळीतली झेंडूची फुलं वाळून अजून तिथेच होती. त्या दगडावरून मी याआधी किती वेळा गाडी पळवत गेलो असेन. आता लिहा तुम्ही.

नाशिकरोड, एसटीतून निवृत्त चालक

नोकरीतली बरीच वर्षं वणी-नांदुरीच्या गाड्या केल्या. सप्तशृंगीचा घाट डोळे मिटून सांगतो. मोटरसायकलवर असा फिरायला मुलाच्या आग्रहाने गेलो, आणि पुढे जो पोरगा होता त्याला पहिल्याच घाटात मनातून मान दिला. का ते सांगतो.

त्याने सगळ्यात कमी सराव असलेल्याला आपल्या लगेच मागे ठेवलं आणि त्याच्या वेगाने सगळा गट चालवला. सहसा उलटं होतं. तरबेज लोक पुढे पळतात, नवखा मागे राहतो, गाठायच्या घाईत वळण चुकवतो. दुसरं, उतार सुरू व्हायच्या आधी त्याने सगळ्यांना थांबवून सांगितलं: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेक नुसता धरून ठेवायचा नाही, दाबायचा, सोडायचा, बाकीचं काम इंजिनाला करू द्यायचं. गाडी न्यूट्रल करून सोडणाऱ्याला त्याने पुढच्या थांब्यावर बाजूला घेऊन समजावलं, सगळ्यांदेखत बोलला नाही. तिसरं, चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट. हा नियमच आहे, पण शहरातले फार कमी लोक पाळतात. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलायला त्याच्या ड्रायव्हरला काय कष्ट पडतात, ते मला ठाऊक आहे.

वळणाच्या आतल्या बाजूला खडी साचते, मोरीच्या तोंडाशी वाळू येते, आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ट्रॅक्टर शेतातून निघाला की चाकांचा चिखल पन्नास पावलं डांबरावर सांडत जातो. त्यावर पाऊस पडला की दुचाकी गेलीच. हे त्याने जागा दाखवून सांगितलं.

गंगापूर रोड, शाळेत शिकवते

मी स्वतःची दीडशे सीसीची गाडी घेऊन गेले होते. गटात आम्ही काही बायका होतो आणि निघायच्या आधी सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता, जो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. आमच्या वाटाड्याने तो आपणहून सोडवला होता. दर तास-दीड तासाला जिथे थांबायचं ती घरं त्याने आधीच ठरवलेली होती, शौचालय आणि पाणी आहे अशी. घरातल्या बाईला आधी सांगून ठेवलेलं. थांबल्यावर तो पुरुषांना गाड्यांपाशी गप्पांत गुंतवायचा आणि आम्हाला फक्त "ताई, आत जाऊन या" एवढंच म्हणायचा. महागडी जॅकेटं आणि कॅमेरे बाळगणाऱ्या सफरींतसुद्धा एवढी साधी गोष्ट होत नाही, असं मैत्रिणींकडून ऐकलं आहे. मला ही सफरीतली सगळ्यात मोठी सोय वाटली.

फाट्यावरची पद्धतही आवडली. पुढचा माणूस वळायचं त्या फाट्यावर आपल्या लगेच मागच्या गाडीला थांबवतो आणि स्वतः पुढे जातो. थांबलेल्याने हाताने दिशा दाखवत उभं राहायचं. सगळा गट वळून गेला, शेवटचा माणूस आला की त्याच्या पुढे लागायचं. पुढच्या फाट्यावर दुसरा कोणी थांबतो. त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या वेगाने जाता येतं, कुणी हरवत नाही आणि फोनची गरजच पडत नाही. पेठ-सुरगाण्याच्या खोऱ्यांत रेंज नसते, तिथे हे फार कामाचं. मी एका फाट्यावर बराच वेळ एकटी उभी होते. नाचणीची, म्हणजे तिकडच्या नागलीची, कापलेली कणसं डोक्यावर घेऊन एक आजी आल्या. कुठून आलात, कुठे निघालात, गाडी तुमचीच का, नवरा कुठे आहे, सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाल्या, "चालव, चालव." एवढंच.

मुक्काम हतगडच्या अलीकडे एका घरी. चुलीपुढे बसून भाकरी करायला शिकले, म्हणजे प्रयत्न केला. नागलीचं पीठ ज्वारीपेक्षा कमी धरतं, म्हणून आधण आलेल्या पाण्यात उकड काढतात, ती गरम असतानाच मळतात. परातीत थापताना कडा फाटू लागल्या की त्या वहिनी ओल्या बोटाने त्या आत लोटायच्या आणि परात किंचित फिरवायच्या. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, उलटली की निखाऱ्यावर. सोबत उडदाचं घुटं आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. खुरासणीची पिवळी फुलं पावसाळ्यानंतर त्या उतारांवर कशी दिसतात ते त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा जायचं ठरवलं आहे.

अशोकस्तंभ, एकट्याने फिरणारा

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. गाइड घेऊन गट नेले की गावं बघायची वस्तू होतात. एका सफरीत मी पाहिलं: बोहाड्याची रात्र, सोंगं घेऊन माणसं नाचत होती, संबळ चालू होता, आणि पंधरा-वीस गाड्या येऊन ठेपल्या. हेडलाइट चालू, मोबाइलचे फ्लॅश चालू. ज्याने डोक्यावर देवाचा मुखवटा घेतला होता तो डोळे दिपून थांबला. बोहाडा हा गावाचा देवधर्म आहे. मी त्या रात्री लाजून मागे फिरलो. एकटा माणूस गेला की गाव त्याला जागा करून देतं. गट गेला की गावाला गटासाठी जागा करावी लागते. आयोजकांनी याचा विचार करावा अशी कळकळीची विनंती.

वाटाड्या हवा याला माझा विरोध नाही. पावसाळ्यात तर नक्कीच हवा. फोनवरचा नकाशा सरळ रस्ता दाखवतो, आणि पुढे गेल्यावर फरशी पूल पाण्याखाली असतो. गुडघाभर वाटणाऱ्या पाण्याला ओढ किती आहे हे गावातलं पोरगंच सांगू शकतं. मी अशा ठिकाणी चहाच्या टपरीवर दोन-तीन तास बसून काढलेत, पाणी उतरलं की गेलोय.

सातपूर, गॅरेज चालवतो

मी मागून पिकअप घेऊन जातो. गाड्यांचं सांगतो, बाकीचं इतरांनी छान लिहिलंय.

डोंगरात गाडी मोठ्या कारणाने क्वचित बंद पडते. क्लच वायर तुटते, पडल्यावर लिव्हर मोडतो, चेन उतरते, पंक्चर होतं. म्हणून माझ्या पेटीत प्रत्येक मॉडेलची क्लच आणि ॲक्सिलरेटर वायर, लिव्हरचे जोड, चेन लॉक, ट्यूब, पंक्चर किट, प्लग, फ्यूज आणि बाइंडिंग वायर असते. एक युक्ती सगळ्यांनी करावी: निघायच्या आधी नवी क्लच वायर जुन्या वायरीच्या कडेने ओवून टेपने बांधून ठेवायची. जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची, दहा मिनिटांचं काम. नाहीतर टाकी उतरवत बसावं लागतं, तेही पावसात.

पेठच्या वाटेवर सावळ घाटात एका पाहुण्याचा मागचा ब्रेक अचानक मऊ पडला. पाय दाबतोय, पेडल खाली जातंय, ब्रेक लागत नाही. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. सगळा घाट त्याने पायाखाली ब्रेक दाबूनच उतरवला होता. डिस्कवर हात धरवेना इतकी तापलेली. तेल तापून त्यात वाफ धरली की असंच होतं. अशा वेळी पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकते. गाडी सावलीत उभी करून थंड होऊ द्यायची. अर्ध्या-पाऊण तासाने पेडल परत कडक झालं. तरी मी ते तेल पेठमध्ये बदललं. आणि तो पोरगा पुढचे सगळे घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरला.

टायरची हवा कमी करा असं व्हिडिओत सांगतात. वाळूत ठीक आहे. आपल्याकडचा दगड धारदार, हवा कमी असली की रिम ठोकली जाते. सामान आणि मागे माणूस असेल तर कंपनीने सांगितलेली हवा पूर्ण ठेवा.

मेरी-म्हसरूळ भाग, खासगी नोकरी

माझा अनुभव वाईट आहे, पण लिहायला हवा. एका आयोजकाकडून सफरीसाठी गाडीही भाड्याने घेतली. नाव लिहीत नाही. गाडीला पांढरी पाटी होती. वळणावर घसरलो, मनगट मोडलं, गाडीचंही नुकसान झालं. तेव्हा कळलं की खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. विम्याचं काहीच जमलं नाही आणि दुरुस्तीचे पैसे माझ्याकडून घेतले गेले. पैसे भरण्याआधी पाटीचा रंग पाहा, विमा आणि पीयूसीची मुदत पाहा, आणि गाडीचं नुकसान कोण भरणार हे लिहून घ्या.

त्या प्रसंगात जो वाटाड्या होता त्याच्याबद्दल मात्र एकही वाईट शब्द नाही. तो आयोजकाचा रोजंदारीवरचा माणूस. माझ्यासोबत ग्रामीण रुग्णालयात आला आणि प्लास्टर होईपर्यंत हलला नाही.

पंचवटी, परिचारिका

वरचं वाचून लिहिते आहे. माझ्या गटात एक जण पडला होता, गंभीर नव्हतं. आमच्या वाटाड्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: कुठल्या टेकाडावर गेलं की रेंज मिळते, आणि जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठल्या गावात आहे. १०८ ला फोन लावायला रेंज लागते, आणि रुग्णवाहिकेला पाड्याचं नाव सांगून भागत नाही, मोठ्या गावाची आणि फाट्याची खूण द्यावी लागते. ही माहिती निघण्यापूर्वी सगळ्यांकडे कागदावर असावी.

पडलेल्या माणसाला लगेच उठवून बसवू नका. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास नीट चालू असेल, उलटी होत नसेल तर ते तसंच राहू द्या, मान हलू देऊ नका, बोलत राहा. उन्हाळ्यात ओआरएसची पाकिटं ठेवा. हेल्मेट-जॅकेटच्या आत किती घाम गेला हे चालवताना समजत नाही. संध्याकाळी चक्कर येते तेव्हा समजतं.

के.टी.एच.एम. कॉलेजच्या जवळ राहतो, शेवटच्या वर्षाला आहे

आम्ही साल्हेरचा फेरा केला. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. कळसूबाई १६४६ मीटरचं आहे पण ते शिखर, किल्ला नव्हे, यावर आमच्या गटात बरीच वादावादी झाली. आमचा वाटाड्या वाघांब्याच्या बाजूचा. त्याने साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत बसवून १६७२ ची लढाई सांगितली. प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांचं सैन्य, समोर इखलासखान आणि बहलोलखान, आणि आपल्या बाजूने पडलेले सूर्याजी काकडे. मराठे मोकळ्या मैदानात मुघलांशी भिडले आणि जिंकले, हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. खाली बघितलं तर सगळी पठारं, आणि त्यांतून आम्ही आलो तो रस्ता.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत साल्हेरचं नाव आल्यापासून गर्दी वाढली आहे, असं तो म्हणाला. गाड्या अंगणात लावून वर जायचं, अंगणाचे पैसे त्या घराला द्यायचे, आणि वर नेलेली प्रत्येक बाटली खाली आणायची. त्याने खाली आल्यावर बाटल्या खरंच मोजल्या.

सुरगाणा तालुका, गट घेऊन जातो

सगळं वाचलं. अशोकस्तंभच्या भाऊंनी बोहाड्याचं लिहिलं ते खरं आहे, आम्हालाही त्याचा त्रास होतो. म्हणून मी काय करतो ते सांगतो.

बोहाड्याला गट न्यायचा तर आधी गावात जाऊन जुन्या माणसांना विचारतो. हो म्हणाले तर गाड्या गावाबाहेर, अंधारात, बंद करून. आत चालत. सोंग येतं तेव्हा पाहुण्याने फोन खिशात ठेवायचा. तेवढं कबूल नसेल त्याला मी त्या रात्री मुक्कामाच्या घरीच ठेवतो. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचं असतं. व्रत घेतलेली माणसं पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या तालावर गावोगाव नाचत जातात, त्यांचे नियम कडक असतात. ती वाटेत दिसली की आम्ही गाड्या बाजूला घेऊन बंद करतो, ती पुढे गेल्यावर मगच चालू. पाहुण्यांनी आजवर कुणी कुरकुर केली नाही. सांगितलं की लोक ऐकतात, सांगणारा हवा.

सफर ठरली की मी एक-दोन दिवस आधी माझ्या गाडीवर सगळा रस्ता फिरून येतो. पाऊस झाला की रस्ता बदलतो. फरशी वाहून जाते, दरड येते, कुठे काम काढलेलं असतं. सध्या सिंहस्थाच्या तयारीत त्र्यंबकच्या बाजूला रस्त्यांची कामं आहेत, तिकडचा शेवटचा टप्पा मी सकाळी लवकर ठेवतो. जेवण कुठल्या घरी, हे पाळीने. दरवेळी एकाच घरी गेलं की बाकीच्यांना वाईट वाटतं आणि पैसाही एकाच अंगणात राहतो. पोरांना चॉकलेट, पैसे द्यायचे नाहीत. द्यायचंच असेल तर शाळेत मास्तरांना विचारून वह्या द्या.

मोसमाचं पण विचारतात. जुलै-ऑगस्ट हिरवं असतं म्हणून सगळे तेव्हाच येतात. भिवतास धबधबा तेव्हाच बघावा, खरं आहे. पण तेव्हा आमच्या घरात माणूस नसतो, सगळे आवणीला चिखलात. पाहुण्याशी बोलायला वेळ नसतो. पावसाळा संपल्यावर या. दसऱ्यानंतर नागली कापणीला येते, मग खळं. जानेवारी-फेब्रुवारीत बोरगाव-सापुतारा रस्त्याला आमच्याकडची स्ट्रॉबेरी असते, शेतावरच घ्या, तोडून देतात. एप्रिलमध्ये राब भाजतात तेव्हा डोंगराला धूर दिसतो, पाहुणे घाबरतात, जंगल पेटलं म्हणून. आम्ही भाताच्या रोपासाठी जमीन भाजतो ती.

आणखी एक. गटाचा आवाज. सायलेन्सर बदललेल्या गाड्या मी घेत नाही. गाय-बैल बिथरतात, चरायला सोडलेली गुरं दरीकडे पळतात. गुराख्याचं नुकसान झालं तर पाहुणा पुढे निघून जातो, मला त्याच वाटेने रोज जायचं असतं.

इंदिरानगर, मागे बसून गेले होते

गाडी नवरा चालवतो, मी मागे. मागे बसणाऱ्याचंही कुणी लिहावं म्हणून दोन ओळी. भंडारदऱ्याच्या फेऱ्यात बारीपर्यंत रस्ता ठीक, घाटघरकडे खड्डे. मागच्या माणसाला खड्डा दिसत नाही. आमच्या वाटाड्याने पुढच्या सगळ्यांना खड्ड्यावर पाय बाजूला काढून खूण करायला लावली, ती मागच्या मागच्या गाडीला दिसत जायची, मग मला सावरून बसता यायचं. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळात पाय मोकळे करायला भरपूर वेळ दिला. मागे बसणाऱ्यांना तो वेळ लागतोच.

त्र्यंबकेश्वर तालुका, घरी पाहुणे उतरवते

माझ्याकडे गट येतात, हरसूलच्या वाटेवर आहे घर. चांगली माणसं येतात. थोडं सांगायचं आहे, पुढच्यांनी लक्षात ठेवावं.

किती माणसं ते आदल्या दिवशीच कळवा. नागली दळून आणावी लागते, गिरणी रोज चालू नसते. जेवत नाही, उपास आहे, तिखट चालत नाही, हेही आधीच सांगा. भगर घरची असते, करून देता येते. ओले बूट-मोजे चुलीपाशी वाळत घालू नका, चूल आमची देवाची जागा आहे. बाहेर पडवीत दोरी बांधून ठेवली आहे. आंघोळीला गरम पाणी एक बादली मिळेल. एप्रिल-मे असेल तर अर्धी, पाणी डोक्यावरून आणतो. रात्री दहानंतर गाड्या चालू करू नका, सासू आजारी असतात.

पैसे वाटाड्याकडे देता ते मला मिळतात, तो पोरगा चोख आहे. पण निघताना कुणी आत येऊन "येतो वहिनी" म्हटलं तर बरं वाटतं. पुढच्या महिन्यातली पौर्णिमेची तारीख भरली आहे, त्यानंतरचा आठवडा मोकळा आहे, यायचं असेल त्यांनी वाटाड्याला सांगावं.